चार बोटांची फट

जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्या कुठल्याही वस्तूला कधीच शिवत नाही, असं ज्यांचं ठाम मत होतं ते आमचे घरमालक, वरणाचा ओघळ कोशिंबिरीला लागला की ताटावरून उठायचे.

“अहो, काही कशाला शिवतच नाही म्हणता ना? मग बिघडलं काय?” काकू विचारायच्या.

“तो सिद्धांत आहे. हे जेवण आहे,” सर म्हणायचे, आणि ताट बदलून घ्यायचे. पहिलं ताट अर्थातच काकू घासायच्या.

कोपरखैरण्यातल्या बैठ्या घरांच्या एका रांगेत सरांचं घर होतं. खाली सर आणि काकू, वर चढवलेल्या एकुलत्या खोलीत मी भाडेकरू. ही घरं मुळात एकमेकांना चिकटून बांधलेली. दोन घरांत मिळून भिंत एकच, अर्धी यांची, अर्धी त्यांची. पुढे लोकांनी आपापली घरं पाडून कुणी दोन मजले चढवले, कुणी तीन, त्यामुळे रांग लांबून पाहिली तर पट्टीने रेघ ओढणाऱ्याला मधेच उचकी लागल्यासारखी दिसायची. कुठलीही वस्तू कशालाच शिवत नाही हे सिद्ध करायला याहून गैरसोयीची वसाहत शोधूनही सापडली नसती. सरांनी तिथे घर कर्ज काढून घेतलं होतं.

सर तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. ते निवृत्त झाले त्याच वर्षी कॉलेजने तो विभागही बंद केला. आपल्यानंतर योग्य माणूस मिळाला नाही, असा सर त्याचा अर्थ लावायचे. कॉलेजने काय अर्थ लावला, ते त्या खोल्यांत आता चालणाऱ्या हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गांवरून कळतं. निवृत्तीनंतर सर पूर्णवेळ ग्रंथ लिहीत होते. विषय एकच, स्पर्श. वस्तूची कड म्हणजे काय, ती वस्तूची असते की बाहेरच्या जागेची, आणि दोन वस्तू एकमेकींना लागतात तेव्हा नक्की काय होतं. ग्रंथ कापडाच्या दुकानांच्या पिशव्यांत भरून पलंगाखाली ठेवलेला असे. पलंग काकूंचा.

मी राहायला आलो त्या दिवशी दारात बॅग ठेवली, तर सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “बॅग जमिनीवर आहे असं तुम्हाला वाटतं?”

फरशी पुसायची असेल असं समजून मी बॅग उचलली.

“नाही, नाही, ठेवा. समजा, दोन विटा एकमेकींना लावून ठेवल्या. मधे जागा आहे का? असेल, तर त्या शिवत नाहीत. नसेल, तर एकीची कड आणि दुसरीची कड एकाच ठिकाणी आली. एका ठिकाणी दोन वस्तू कशा राहतील? म्हणजे तिथे कड एकीचीच. मग दुसरी बिनकडेची झाली. कुठली बिनकडेची? आणि ते ठरवलं कुणी?”

“गवंड्याने?” मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की आत्तापर्यंतच्या भाडेकरूंत इतका बिनकडेचा माणूस आला नसावा. डिपॉझिट आधीच दिलेलं होतं म्हणून खोली मिळाली.

दुसऱ्याच महिन्यात माझी मोरी सरांच्या डोक्यावर गळायला लागली. मी प्लंबर आणतो म्हणालो. सरांनी थांबवलं. माझी फरशी आणि त्यांचं छत या दोन वस्तू आहेत की एकाच वस्तूच्या दोन बाजू, हे ठरल्याशिवाय गळती कुणाची ते ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय प्लंबरला काय सांगणार? ठरेपर्यंत काकूंनी खाली बादली लावली. पुढे मी कामावर गेलेलो असताना त्यांनीच प्लंबर बोलावून काम उरकून घेतलं आणि सरांना सांगितलं नाही. सर बरेच दिवस छताकडे बघत होते. गळती थांबली ती प्रश्न सुटल्यामुळे, अशी त्यांची समजूत झाली असावी.

नमस्कार करतानाही ते तळहात पूर्ण जुळवत नसत. मधे कागद सरकेल एवढी फट ठेवत. “जुळतात असं मानणं ही नुसती सवय आहे,” ते समोरच्याला सांगायचे. समोरचा बहुतेक वेळा दूधवाला असायचा. हात मिळवण्याचा तर प्रश्नच नव्हता. शेजारच्या हिराबाई काही द्यायला आल्या की सर दुरूनच म्हणायचे, “ठेवा तिथे.” सरांच्या घराण्यात हा सिद्धांत त्यांनी पुस्तकं वाचायच्या कितीतरी आधीपासून पाळला जात होता. तेव्हा त्याला तत्त्वज्ञान म्हणत नसत, इतकंच. मी एकदा हे बोलून दाखवलं. सर दुखावले.

“मी भेदभाव करत नाही,” ते म्हणाले. “मला कुणीच शिवत नाही.”

हे खरं असावं. काकू त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

हिराबाई आणि त्यांचे यजमान नामदेवशेठ, हे भिंतीपलीकडचं घर. मूळ तळवलीचे. शेती गेली तशी शेठ रेती-सिमेंटच्या धंद्यात शिरले आणि तिथे त्यांचं बरं चाललं. शेठचा स्वतःच्या सीमांविषयीचा विचार सरांपेक्षा सोपा होता. जिथपर्यंत कुणी बोलत नाही तिथपर्यंत आपलं. त्यांची पायरी गल्लीत आलेली होती, पायरीपुढे फरशी, फरशीपुढे गाडी, आणि गाडीच्या मागच्या काचेवर त्यांचाच हात जोडलेला फोटो. त्या फोटोत तळहात मात्र पूर्ण जुळलेले होते.

काकू आणि हिराबाईंचं सगळं बोलणं भिंतीतून चालायचं. काकूंकडे खलबत्त्यातला पितळी बत्ता होता. भिंतीवर दोनदा ठोकलं की ‘ये’. पलीकडून एकदा वाजलं तर ‘आता नको’. एवढ्या दोन शब्दांवर त्या दोघींनी कित्येक वर्षं काढली होती. हिराबाईंचा कुकर लागलेला असला, काकूंचे सर झोपलेले असले, पाहुणे बसलेले असले, सगळं त्यात बसायचं. काकूंना दमा होता. रात्रीबेरात्री लागलंच काही, तर बत्ता उशाशी असे. सर या सगळ्याला ‘ठोकाठोक’ म्हणायचे. त्यांनी स्वतः कधी बत्ता हातात धरला नाही.

सरांना आयुष्यात एकदाच भरगच्च श्रोते मिळाले. ते सारसोळ्याला.

ग्रंथातल्या एका प्रकरणासाठी त्यांना पाणी आणि जमीन यांच्यामधली कड प्रत्यक्ष बघायची होती. एका रविवारी सकाळी ते मला घेऊन खाडीवर, सारसोळ्याच्या जेट्टीवर गेले. माझं काम छत्री धरण्याचं. ओहोटी होती. सर पांढरा शर्ट, हातात काठी, अशा थाटात काठावर उतरले आणि चिखलात काठीने रेघा ओढायला लागले. बाजूला एक म्हातारा जाळ्यातला कचरा काढत बसला होता.

“काय मोजताय?” त्याने विचारलं.

“मोजत नाही,” सर म्हणाले. “सीमा नक्की कुठे आहे ते बघतोय. आणि ती कुणाची आहे.”

ज्या गावाच्या आजूबाजूच्या जमिनी नव्या शहरासाठी एकेक करून गेल्या, त्या गावात पांढऱ्या शर्टातल्या, काठीवाल्या माणसाने हे वाक्य उच्चारू नये. म्हातारा जाळं टाकून उठला. पाच मिनिटांत तिथे वीस-पंचवीस माणसं जमली. सरांना प्लास्टिकची खुर्ची आली. चहा आला. एकजण म्हणाला, “साहेब, ती खूण बघा, माझे बापाशीचे वक्तापासून हाय.” दुसरा म्हणाला, “त्याची खूण खोटी हाय, माझी बघा.” मी सरांच्या कानात सांगायचा प्रयत्न केला की हे आपल्याला मोजणीवाले समजतायत. सरांनी मला गप्प केलं. इतक्या लोकांना सीमेच्या प्रश्नात रस आहे हे ते पहिल्यांदाच बघत होते.

त्यांनी खुर्चीतूनच सुरुवात केली. “मला सांगा, खाडी जिथे संपते आणि जमीन जिथे सुरू होते, तिथली रेघ खाडीची की जमिनीची?”

“गावठानाची!” सगळे एकदम म्हणाले.

तीस वर्षांत एकाही वर्गाने सरांना इतक्या पटकन उत्तर दिलं नव्हतं. ते खुलले. रेघ खाडीची मानली तर जमीन उघडी कशी पडते, जमिनीची मानली तर खाडी कशी, दोघांची मानली तर काय अनर्थ ओढवतो, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. लोकांनी मन लावून ऐकलं. सरकारी माणूस मुद्द्यावर यायला वेळ घेतो, याची त्यांना सवय होती.

शेवटी तो म्हातारा म्हणाला, “समदं बरोबर हाय साहेब. पन हद्द आमचे नावावर कवा चढवनार?”

“सीमा कुणाच्याच नावावर चढवता येत नाही,” सर म्हणाले. “तिला जाडीच नसते. नीट पाहिलं तर सीमा अशी काही वस्तूच नाही.”

मग टोपली घेऊन उभी असलेली एक बाई पुढे झाली. “नाय म्हंजे? कुनी खाल्ली?”

त्यानंतरचं फार आठवत नाही. खुर्ची परत घेतली गेली, तेव्हा सर तिच्यावर बसलेले होते. मी छत्री मिटली आणि रिक्षा थांबवली.

“प्रश्न त्यांना समजला होता,” रिक्षात सर पँटचा चिखल झटकत म्हणाले. “उत्तरापाशी अडले.”

पुढे वर्षभर ते या प्रकाराचा उल्लेख ‘सारसोळ्याचं माझं व्याख्यान’ असा करायचे.

मग दिवाळीनंतर एका संध्याकाळी नामदेवशेठ आले. पायरीवर चपला काढून आत बसले.

“मास्तर, घर पाडतोय. पावसाच्या आत वास्तुशांत करायची हाय. आपली मदली भिंत हाय ना, तिच्यावर बीम टेकवतो. रांगेत सगल्यांनी तसंच केलंय.”

“प्राध्यापक,” सर म्हणाले.

“हां, तेच. तर बीम टेकवतो.”

“टेकवतो म्हणजे?”

“टेकवतो म्हंजे टेकवतो.”

“टेकणं म्हणजे काय, याचा तुम्ही कधी विचार केलाय?”

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“ही भिंत अर्धी तुमची, अर्धी माझी,” सर म्हणाले. “मान्य. मग दोन अर्ध्यांच्या मधली रेघ कुणाची?”

“रेघ तुमी ठेवा,” शेठ उदारपणे म्हणाले.

पण रेघ अशी घेता येत नव्हती. तासभर चर्चा झाली. काकूंनी दोनदा चहा केला. अखेर सरांनी अट घातली. भिंत आहे तशी राहील, ती आमची. तुम्ही तुमची नवी, वेगळी भिंत बांधा. दोन्हींत चार बोटांचं अंतर हवं. कुठेही टेकता कामा नये.

“म्हंजे माझी चार बोटं जागा जानार!”

“जाणार नाही. असेल. फक्त कुणाची नसेल.”

जिथपर्यंत कुणी बोलत नाही तिथपर्यंत आपलं, या तत्त्वावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे ऐकून केवढा त्रास झाला असेल. पण शेठना काम सुरू करायचं होतं आणि सरांशी बोलणं संपवायचं होतं. ते कबूल झाले.

हिराबाई तळवलीला दिराकडे राहायला गेल्या आणि मे महिन्यापर्यंत शेजारी तीन मजले उभे राहिले. काचेचा कठडा, दाराशी दोन सिमेंटचे हत्ती, आणि आमच्या बाजूला, शब्द दिल्याप्रमाणे, चार बोटांची फट. सर गल्लीतून तिच्यात टॉर्च मारून बघायचे. आलेल्या-गेलेल्याला दाखवायचे. दोन जुने विद्यार्थी खास भेटायला आले, त्यांनाही आधी फट दाखवली आणि मग पाणी विचारलं. त्यातल्या एकाने विचारलं, “सर, रील करू?” सरांनी शर्ट नीट केला आणि फटीशेजारी उभे राहिले.

“तीस वर्षं मी जे सांगत आलो,” ते कॅमेऱ्याला म्हणाले, “ते आता उभं आहे.”

पावसाच्या तोंडावर शेठ पुन्हा आले. “मास्तर, वरून सिमेंटची पट्टी मारून देतो. नायतर पानी जाईल आत. तुमची भिंत जुनी हाय, त्या बाजूला प्लास्टर पन नाय.”

“प्राध्यापक,” सर म्हणाले. “आणि पट्टी दोन्ही भिंतींना टेकेल.”

“टेकू दे की हो,” काकू म्हणाल्या.

“मग ती फट कसली?”

“मला फट नकोय.”

काकूंचं इतकं स्पष्ट मत मी पहिल्यांदाच ऐकलं. सरांनी ऐकलं नाही. पट्टी झाली नाही.

वास्तुशांत झाली, हिराबाई परत आल्या, आणि त्याच संध्याकाळी काकूंनी बत्ता घेऊन भिंतीवर दोनदा ठोकलं. काहीच आलं नाही. पुन्हा ठोकलं. मग काकू पदराला हात पुसत शेजारच्या दारात गेल्या.

“ठोकलं का तुमी काकी?” हिराबाई म्हणाल्या. “मना काय आयकूच आलं नाय.”

काकूंनी घरी येऊन सरांना सांगितलं. सरांचा चेहरा उजळला.

“बघ! पोचलं नाही. मधे अंतर आहे, पोचणारच नाही. मी काय म्हणत होतो?”

काकूंनी बत्ता पुसला आणि वरच्या फळीवर, गणपतीतल्या ताटांच्या मागे ठेवून दिला.

पावसाने सरांच्या सिद्धांताचा मान ठेवला नाही. तो फटीत शिरला आणि दोन्हीकडे टेकला. शेठची भिंत नवी, प्लास्टरची, तिला काही झालं नाही. आमची पोपडे सोडायला लागली. फटीत तोवर कुरकुऱ्यांची पाकिटं, फाटके पतंग आणि कबुतरांची पिसं यांचा थर बसला होता, तो भिजून कुजला. आणि त्या भिंतीला लागून काकूंचा पलंग होता, वर देव्हारा.

पहिला डाग ताटलीएवढा आला. सर पेन्सिल घेऊन पलंगावर चढले आणि त्यांनी डागाच्या कडेने रेघ काढली. मला वाटलं, शेठना दाखवायला काढत असतील. तसं नव्हतं. ओल संपते आणि कोरडं सुरू होतं, ती कड ओलीची की कोरड्याची, हे एकदाचं डोळ्यांनी बघायची संधी त्यांना घरात मिळाली होती. दुसऱ्या दिवशी डाग वाढला, दुसरी रेघ आली. मग तिसरी. नकाशात डोंगर दाखवतात तशा एकात एक रेघा वाढत वाढत देव्हाऱ्याखालून निघाल्या आणि काकूंच्या उशीच्या दिशेने यायला लागल्या.

काकूंची छाती वाजायला लागली. त्या दम्याचा पंप घ्यायच्या, तेव्हा सर पेन्सिल थांबवायचे. पंप झाला की पुढे सुरू करायचे.

“पट्टी मारून घ्या हो,” मी एकदा म्हटलं. “काकूंचे हाल बघवत नाहीत.”

“हे निरीक्षण पुन्हा मिळणार नाही,” सर म्हणाले.

“काकूसुद्धा,” मी म्हटलं.

सरांना ते ऐकू आलं नसावं. किंवा पोचलं नसावं.

रेघ उशीला आली त्या दुपारी हिराबाई दारात उभ्या राहिल्या. “चला काकी. खालची खोली रिकामीच हाय. देव घेताय का?”

काकूंनी दोन साड्या घेतल्या, पंप घेतला, देव ताम्हनात ठेवले. सर पलंगाशी पेन्सिल घेऊन उभे होते.

“कुठे चाललीस?”

“पलीकडे.”

“किती दिवस?”

“भिंत वाळेपर्यंत.”

“अगं, भिंत काय, निसर्गतः वाळेल.”

“मग मी निसर्गतः येईन,” काकू म्हणाल्या, आणि देवांवर पदर धरून निघाल्या.

वसाहतीला त्या पावसाळ्यात दुसरा विषय नव्हता. प्राध्यापकांची बायको मासळी शिजणाऱ्या घरात राहायला गेली, तिथे काय जेवते, कुठल्या भांड्यात जेवते. सगळ्यांनी सरांना वेगवेगळ्या सुरात विचारलं. सरांचं उत्तर ठरलेलं होतं.

“ती इथेच आहे. चार बोटांवर. चार बोटांच्या अंतराला घर सोडणं म्हणत नाहीत.”

हा त्यांच्या आयुष्यातला पहिला प्रसंग, जेव्हा त्यांनी अंतर कमी असल्याचा युक्तिवाद केला.

माझ्या खिडकीतून शेजारचा ओटा दिसायचा. दुपारी हिराबाई तिथे बोंबील साफ करायला बसायच्या आणि काकू शेजारी मेथी निवडत. नाकाला पदर नाही, काही नाही. खोकला तर पहिल्या आठवड्यातच गेला. कधी कधी दोघी हसायच्या. खाली सरांच्या खोलीत त्यातलं काहीच ऐकू येत नसणार. ती व्यवस्था सरांनीच केली होती.

सरांचं जेवण पोळीभाजी केंद्रातून माझ्यासोबत यायला लागलं. स्टीलचा एकच डबा. केंद्रावरून येईपर्यंत त्यात वरण भाजीत, भाजी कोशिंबिरीत आणि कोशिंबीर भातात गेलेली असायची. सर डबा उघडून एक क्षण बघायचे आणि जेवायचे. काही म्हणायचे नाहीत. ताट बदलून कुणाकडे मागणार?

पिशव्यांतला ग्रंथही खालून भिजला होता. ते त्यांनी मला दुसऱ्याच कुणाच्या ग्रंथाबद्दल सांगावं तसं सांगितलं. मला जास्त आश्चर्य भिंतीचं वाटलं. डाग उशीवरून पुढे गेला होता आणि त्याच्या कडेला रेघ नव्हती. पेन्सिल देव्हाऱ्याच्या रिकाम्या फळीवर पडलेली होती.

मग एका सुट्टीच्या दिवशी वर माझ्या खोलीत दबके आवाज आले. दोनदा. थोड्या वेळाने पुन्हा दोनदा. मी खाली गेलो, तर सर पलंगाजवळ उभे होते. मूठ लाल झालेली.

“पाल होती,” ते म्हणाले.

मी बरं म्हटलं.

“ते या दोघींचं ठोकणं,” थोडं थांबून सर म्हणाले. “पूर्वी ऐकू जायचं ना पलीकडे?”

“जायचं.”

“स्पष्ट?”

“हिराबाई कुकर बंद करून यायच्या.”

त्याच संध्याकाळी ते स्वतः, मला सोबत घेऊन, शेठच्या दारात गेले. सिमेंटच्या हत्तींच्या मधे उभे राहिले. आत गेले नाहीत, काकूंना हाक मारली नाही.

“फट भरायची आहे,” ते म्हणाले.

“अरे वा!” शेठ म्हणाले. “उद्या मानूस पाठवतो. वरून पट्टी मारली की पानी बंद.”

“पट्टी नको. पूर्ण भरा. खालपासून वरपर्यंत.”

“कशाला मास्तर? पट्टीने काम होतंय. एवढा माल फुकट कशाला घालवताय?”

“पोकळ राहता कामा नये,” सर म्हणाले. “कुठेही.”

शेठनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी छताकडे पाहिलं नाही. मी मान हलवली. मास्तर म्हटल्याची दुरुस्ती करायची सर विसरले होते, हे मला जिना चढताना लक्षात आलं.

पाऊस उघडल्यावर माणसं लागली. आधी फटीतला कचरा काठ्यांनी उपसून काढला, मग वरून बारीक खडीचा माल ओतत गेले. सर गल्लीत टॉर्च घेऊन उभे. मधे कुठे पोकळी राहिली का ते बघत होते आणि राहिली की ओरडत होते. शेठ खुर्ची टाकून बसले होते. त्यांना राहवलं नाही.

“काय मास्तर, मग त्या सिद्धांताचं काय झालं? टेकल्या की भिंती!”

“भिंती टेकलेल्या नाहीत,” सर म्हणाले. “आता मधे एक तिसरी वस्तू आली. पूर्वी एका कडेचा प्रश्न होता, आता दोन कडांचा आहे.”

“बरं झालं,” शेठ म्हणाले. “धंदा चालू राहील.”

दोन-चार दिवसांनी दुपारी मी डबा घेऊन खाली गेलो, तर सर स्टुलावर चढून वरच्या फळीवर काहीतरी शोधत होते. ताटं खाली आली, परात आली, शेवटी बत्ता सापडला. सर खाली उतरले. बत्ता त्यांनी पेनासारखा धरला, मग तसा धरत नाहीत हे कळलं असावं, मग मुठीत धरला. माझ्याकडे न बघता भिंतीजवळ गेले आणि दोनदा ठोकलं.

आम्ही दोघं थांबलो. पंख्याचा आवाज फार मोठा वाटत होता. मी पंखा बंद केला.

पलीकडून आवाज आला. एकदाच. स्वच्छ.

“आलं,” सर म्हणाले. सारसोळ्याला सगळे एकदम ‘गावठानाची’ ओरडले होते, तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता. “ऐकलंत? पोचलं.”

“हो.”

“एकदा म्हणजे काय?”

मला वाटलं होतं त्यांना माहीत असेल. इतकी वर्षं ते त्याच खोलीत बसून लिहीत होते.

“‘आता नको’,” मी सांगितलं.

सरांनी विचार केला. तो करायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

“‘नको’ नव्हे,” ते म्हणाले. “‘आता नको’. म्हणजे हे ‘आता’ कुठेतरी संपतं. ते जिथे संपतं आणि पुढचं जिथे सुरू होतं, ती कड कुणाची, यावर माझं एक टिपण आहे. थांबा, आणतो.”

पण ते टिपण आणायला गेले नाहीत. पिशव्या पलंगाखाली होत्या, वाकलं असतं तरी पुरे होतं. एका हातात बत्ता होता आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्यांनी भिंतीवर ठेवला होता, त्या पेन्सिलीच्या रेघांच्या मधोमध. नमस्कार करताना ते ठेवत तशी फट मला तिथे कुठे दिसली नाही. भिंत अजून पुरती वाळलेली नव्हती.

मी डबा टेबलावर ठेवला आणि निघालो. जिना अर्धा चढलो असेन, तेव्हा खालून पुन्हा दोनदा ऐकू आलं.